प्रकाशाने वाकणाऱ्या पट्टीचं कंपन वाढतंय, थांबवायचं कसं?

प्रश्न: द्रवस्फटिक इलास्टोमरची (प्रकाश पडला की त्या दिशेने वाकणाऱ्या रबरासारख्या पदार्थाची) पट्टी, जाडी २० मायक्रॉन, एक टोक पक्कं, झोक्याची वारंवारता ८ हर्ट्झ. पट्टी एलईडीपासून लांब गेली की प्रकाश वाढवतो, म्हणजे ती परत ओढली जाईल. पण झोका उलट वाढतो.

कंपनवेडा: चिन्ह चुकलंय. पट्टी तापायला वेळ लागतो, त्यामुळे बल मागे पडतं. उशिरा येणारं पूर्ववत करणारं बल म्हणजे ऋण अवमंदन (झोका शमवण्याच्या उलट परिणाम), ते झोक्याला ऊर्जाच देतं. पट्टी एलईडीच्या बाजूला झुकलेली असताना प्रकाश वाढवा, लांब असताना कमी करा. मात्र याने ताठपणा घटतो. गेन (झोक्याच्या प्रमाणात प्रकाश किती बदलायचा ते) जपून वाढवा, नाहीतर पट्टी एका बाजूला कोसळेल.

पॉलिमरवाली: अगदी बरोबर. विलंब २०० मिलिसेकंद धरला तर ८ हर्ट्झला कोन-वारंवारता (२π गुणिले वारंवारता) गुणिले विलंब सुमारे १० येतो, म्हणजे स्थिर बलाचा (प्रकाश न बदलता मिळणाऱ्या बलाचा) सुमारे दहावा हिस्साच अवमंदनाला मिळतो. विलंब २० मिलिसेकंद असेल तर तो हिस्सा वाढून स्थिर बलाच्या निम्मा होतो; पातळ पट्टी लवकर तापते, म्हणून पट्टी पातळ करा. पट्टीत अ‍ॅझोबेन्झिन (प्रकाशाने आकार बदलणारा रेणू) असेल तर ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशानंतर निळा प्रकाशही द्या, नाहीतर वाक साचत जातो.

प्रश्नकर्ता: चिन्ह उलटवून, गेन अगदी कमी ठेवून सुरुवात करतो. दोघांचेही आभार.