मदत हवी आहे: घरच्या बुद्धिबळ इंजिनाची चाचणी कशी घेता?

नमस्कार मंडळी, मी नाशिकचा, सिडकोतला. वर्षभर खपून बुद्धिबळाचं इंजिन, म्हणजे डाव खेळणारा प्रोग्राम, लिहिलंय. (ग्रँडमास्टर विदित गुजराथीच्या गावचा असलो तरी स्वतः जेमतेमच खेळतो!) परवा क्यूटचेसवर (इंजिनांचे आपापसात डाव लावणारं सॉफ्टवेअर) २०० डाव लावून झोपलो. सकाळी बघतो तर ३१ डाव वेळ संपून हरलेले, एकात तर वजीर जास्त होता. स्टॉकफिशसारख्या अव्वल इंजिनापुढे सगळेच शून्य, त्यातून कळणार काय? नव्या बदलानंतर १०० डावांत ५४ गुण आले, पण तेवढ्यात ५०-६० एलो (खेळाची ताकद मोजणारे गुण) इकडेतिकडे सहज होतात. हजारो डाव लावावेत तर लॅपटॉपवर पोळी भाजेल.

एसपीआरटीला (बदल फायद्याचा आहे की नाही हे पुरेसं कळलं की डाव थांबवणारी चाचणी) एलोच्या मर्यादा किती ठेवता? आणि हरणं-जिंकणं बरोबरीत राहील असं एखादं मोफत इंजिन सुचवा ना.