हान घराणं एकट्या खोज्यांनी बुडवलं नाही

चीनचं 'हान साम्राज्य खोज्यांनी (राजवाड्यातल्या खच्ची केलेल्या सेवकांनी) बुडवलं' असं म्हटलं जातं, पण हे मत मला अर्धवट वाटतं. खोजे एवढे मोठे झाले कसे, ते आधी बघायला हवं. गादीवर वारंवार अल्पवयीन सम्राट आणि कारभार राजमातेच्या माहेरच्यांकडे. महासेनापती ल्यांग जी त्यातलाच. दरबार त्याच्या माणसांनी भरलेला, म्हणून इ.स. १५९ मध्ये सम्राट हुआननं पाच खोज्यांना हाताशी धरून त्याचा काटा काढला. तिथून खोज्यांचं वजन वाढलं.

१८९ चा अनर्थ मात्र टळू शकला असता. सम्राट लिंग वारल्यावर महासेनापती हो जिनला खोजे संपवायचे होते, पण त्याची बहीण, म्हणजे खुद्द राजमाता, तयार होईना. तिच्यावर दबाव आणायला युआन शाओ या अधिकाऱ्याच्या सल्ल्यानं हो जिननं बाहेरचे सरदार बोलावले. त्यांत सीमेवरचा सेनानी दोंग जुओ! राजधानी लोयांगमध्ये स्वतःची फौज असताना हे कशाला? मला हा निर्णय अक्षम्य वाटतो. खोज्यांनी हो जिनला राजवाड्यात बोलावून मारलं. सूड म्हणून युआन शाओच्या माणसांनी २,००० हून अधिक लोक कापले, त्यात केवळ दाढी नाही म्हणून मारलेले निरपराधही होते. राजधानी आयतीच दोंग जुओच्या हाती पडली आणि त्यानं सम्राटच बदलला.