खरा बदल 60 ओळींचा, पुल रिक्वेस्ट 41 फाइलींची: तुकडे कसे करू?

प्रश्न
इंटर्नशिपचा दुसरा आठवडा चालू आहे. काम छोटंच होतं: फॉर्ममधली जन्मतारीख काही वापरकर्त्यांना एक दिवस आधीची दिसते ते दुरुस्त करायचं, आणि मोबाइल नंबर तपासायचा नियम घालायचा. लिहिल्यात जेमतेम 60 ओळी, पण पुल रिक्वेस्टमध्ये (बदल मुख्य कोडमध्ये घ्या म्हणून टीमला पाठवलेली विनंती) 41 फाइली दिसतायत. रिव्ह्यूअरने ‘तुकडे करून पाठव’ एवढंच लिहिलंय. कमिटची (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये नोंदवलेल्या बदलांची) नावं ‘फिक्स’, ‘फिक्स 2’ अशी. पुन्हा पहिल्यापासून लिहावं लागेल का?

उत्तर 1
एक ओळही पुन्हा लिहायची नाही. आधी फुगवटा कशाचा ते शोध. ‘गिट डिफ --स्टॅट मेन...’ चालव (मेन म्हणजे ब्रांचांपैकी, कोडच्या शाखांपैकी, टीमची मुख्य), मग तीच आज्ञा ‘-डब्ल्यू’ लावून. आकडा एकदम उतरला तर फरक नुसत्या मोकळ्या जागांचा आहे: सेव्ह करताना फॉरमॅटर (कोडची मांडणी आपोआप बदलणारं साधन) चालतोय, नाहीतर विंडोजने ओळींच्या शेवटी सीआर-एलएफ (ओळ संपल्याची दोन अदृश्य चिन्हं) घातलंय.

आता तुकडे. ‘गिट ब्रांच बॅकअप’ करून आहे ते जपून ठेव. ‘गिट मर्ज-बेस मेन हेड’ जो हॅश (तुझी ब्रांच मेनपासून जिथे फुटली त्या कमिटची खूण) देईल त्यावर साधा ‘गिट रीसेट’ मार. ‘--हार्ड’ अजिबात नको. कमिट जातात, फाइलींतला मजकूर जागेवर राहतो. इथे बरेच जण थेट मेनवर रीसेट करतात. मधल्या काळात मेन पुढे गेलेली असेल तर इतरांचं काम तूच पुसलंस असं डिफमध्ये दिसतं.

मग ‘गिट ॲड -पी’. एकेक तुकडा समोर येईल: हवा तर ‘वाय’, नको तर ‘एन’, मोठा असेल तर ‘एस’ने फोड. आधी फक्त तारखेचे तुकडे घे. नव्या फाइली या पद्धतीत दिसतच नाहीत, त्या नावाने ॲड कर. कमिट झाला की उरलेलं ‘गिट स्टॅश -यू’ने बाजूला ठेवून टेस्ट चालव. ही पायरी गाळू नकोस. अर्धा बदल पुढच्या कमिटमध्ये राहून गेला असेल तर तो इथेच पकडला जातो. मग ‘गिट स्टॅश पॉप’ आणि पुढचा तुकडा. शेवटी फक्त फॉरमॅटरचा कचरा उरेल, तो ‘गिट रिस्टोर .’ने टाकून दे.

इतिहास बदललाय, म्हणून पुश (सर्व्हरवर पाठवणं) ‘--फोर्स-विथ-लीज’ने कर. दूरच्या ब्रांचवर दुसऱ्या कुणी मध्येच काही टाकलं असेल तर हा पुश अडतो. नुसता ‘--फोर्स’ ते उडवतो.

उत्तर 2
वरच्यात एक भर. 41 फाइलींत पॅकेज-लॉक (वापरलेल्या पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्यांची फाइल) आहे का बघा. एनपीएम (जावास्क्रिप्टची पॅकेज इन्स्टॉल करणारं साधन) 6 ने बनवलेल्या लॉक फाइलीवर 7 ने इन्स्टॉल केलं की ती अख्खी नव्या स्वरूपात लिहिली जाते. टीमचीच नोड आवृत्ती ठेवा आणि ‘इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ वापरा, ते लॉक फाइलीला हात लावत नाही.

आणि वर्णनात कारण लिहा, नुसतं ‘तारीख दुरुस्त’ नको. जावास्क्रिप्ट ‘2004-03-05’ अशी नुसती तारीख यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) मध्यरात्र धरतं, त्यामुळे यूटीसीच्या मागे असलेल्या टाइमझोनमध्ये 4 तारीख दिसते. एवढी दोन वाक्यं असली की रिव्ह्यूअरला कोड वाचण्याआधीच काय तपासायचं ते कळतं. टेस्टही अशाच एका टाइमझोनमध्ये चालवा, नाहीतर चूक असूनही ती पास होईल.

प्रश्नकर्ती
बहुतेक फॉरमॅटरचंच होतं, 41 वरून 6 फाइलींवर आलं! पण एका ठिकाणी तारीख आणि मोबाइल नंबरच्या ओळी लागोपाठ आहेत, तिथे ‘एस’चा पर्यायच येत नाही.

उत्तर 1
मध्ये न बदललेली ओळ नसेल तर गिटला तुकडा फोडता येत नाही. तिथे ‘ई’ दाब, एडिटर उघडेल. या कमिटमध्ये नको असलेली अधिक चिन्हाची ओळ पूर्ण काढून टाक. वजा चिन्हाची ओळ मात्र काढायची नाही, फक्त वजाच्या जागी एक स्पेस ठेव. ती ओळच काढलीस तर पॅच लागत नाही आणि गिट पुन्हा एडिट करायचं का विचारतं.