मदत हवी आहे: विंचूमाश्यांच्या वंशवृक्षात मेरोपिडी कुळाची फांदी कुठून काढू?

नमस्कार मंडळी,

मेकोप्टेरा, म्हणजे विंचूमाश्यांच्या गणाचा वंशवृक्ष मराठीत काढायला घेतलाय. मेरोपिडी या चिमुकल्या कुळापाशी आठवडाभर अडकले आहे.

आज जिवंत जाती तीनच. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातली मेरोपे ट्यूबर (१८३८ साली वर्णन झालं), नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातली ऑस्ट्रोमेरोपे पॉल्टोनी (१९३३) आणि ब्राझीलची ऑस्ट्रोमेरोपे ब्राझिलिएन्सिस, जी पार २०१३ मध्ये उजेडात आली. तीन जाती, तीन खंड!

विंचूमाशी म्हटलं की चोचीसारखं लांब तोंड आणि नांगीसारखं वळलेलं शेपूट आठवतं. इथे तसं काहीच नाही. अंग चपटं, डोकं छातीच्या पुढच्या ढालीखाली दडलेलं, नराच्या शेपटाला लांबलचक चिमटा. पंख रुंद, आणि त्यावर आडव्या शिरांचं इतकं दाट जाळं की मोजताना माझी बोटं दोनदा चुकली.

या जाळ्यामुळेच जुने अभ्यासक हे कूळ चिलीच्या नोटिओथॉमा रीडी या तशाच दाट शिरांच्या विंचूमाशीशेजारी, बुंध्याजवळ ठेवत. पण दाट शिरा खरंच जुन्या, की नंतर वाढलेल्या? आणि ऑस्ट्रेलिया-ब्राझीलमधल्या जाती एकाच प्रजातीतल्या (जीनसमधल्या) आहेत, म्हणून कूळ मूळचं गोंडवनाचं, म्हणजे दक्षिणेकडच्या प्राचीन महाखंडाचं, म्हणायचं का? कुणी अभ्यास केला असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:

ताई, गोंडवनाचा शिक्का मारू नका. सायबेरियात मध्य ज्युरासिक काळातलं याच कुळातलं बोरिओमेरोपे जीवाश्मरूपात सापडलंय, म्यानमारच्या सुमारे ९.९ कोटी वर्षं जुन्या अंबरमध्येही (झाडाच्या दगड झालेल्या राळेतही) या कुळाचे कीटक आहेत. म्हणजे पसारा उत्तरेकडेही होता. आजच्या तीन जाती त्या पसाऱ्यातून उरलेल्या, असं मांडलं तर जीवाश्मांशी जुळतं.

शिरांचं म्हणाल तर नुसत्या दाटपणावर नातं ठरवू नये. मूळ पूर्वजाकडून तसंच राहिलेलं लक्षण दोन कुळांत दिसलं, तरी ती सख्खी ठरत नाहीत. नंतर नव्याने आलेलं लक्षण दोघांत सारखं असेल, तरच ते धरा. आणि जाती कमी म्हणून फांदी बुंध्याला चिकटवायची, हेही नको.

मूळ लेखिका:

मनापासून आभार! बुंध्याजवळची रेघ खोडते आणि सायबेरियाचा जीवाश्म नकाशावर घेते. नोटिओथॉमा आणि मेरोपे या दोघांत नव्याने आलेलं एखादं समान लक्षण तुम्हाला ठाऊक आहे का?