ईस्टरच्या चार सुट्ट्या आणि ‘डार्क’

प्रेषक: अनघा
नमस्कार मंडळी,
ईस्टरला शुक्रवार ते सोमवार सलग सुट्टी आहे. बसल्या बैठकीला बघावी अशी गूढ, अंगावर काटा आणणारी मालिका हवी आहे. नेटफ्लिक्सवरची जर्मन मालिका ‘डार्क’ चार दिवसांत संपते का? बी१ (मधल्या पातळी) पर्यंतचं जर्मन पुरेल का? आणि घरात दहा वर्षांचा मुलगा आहे, तो सोबत बसला तर चालेल का?

प्रेषक: शिरीष
अनघाताई,
मुलाचं आधी सांगतो: नको. पहिल्याच दृश्यात आत्महत्या आहे आणि पुढे लहान मुलांचे मृतदेह दिसतात. तो झोपल्यावरच लावा.

पहिल्या पर्वात १० भाग, पुढच्या दोन्हींत ८-८, म्हणजे एकूण २६. बहुतेक भाग पाऊण ते एक तासाचे. चार दिवसांत उरकायचे तर रोज सहा-सात होतात आणि तिथेच घोळ होतो. तीच माणसं १९५३, १९८६ आणि २०१९ मध्ये दिसतात, प्रत्येक वयाला वेगळा नट. घाईत बघितलं की चेहऱ्यांची नुसती खिचडी होते. ईस्टरला फक्त पहिलं पर्व घ्या, दिवसाला दोन किंवा तीन भाग. दुसरं फिंग्स्टनच्या (पेंटेकॉस्टच्या) सुट्टीला.

बसण्याआधी एक मोठा कागद आडवा धरा. मालिकेतल्या चार घराण्यांचे चार उभे रकाने: कानवाल्ड, नीलसेन, डॉप्लर, टीडेमान. तीन आडव्या ओळी: १९५३, १९८६, २०१९. दुसऱ्या पर्वासाठी वर-खाली जागा सोडा. प्रत्येक बाईचं माहेरचं नाव लिहाच. हाना कानवाल्ड माहेरची क्रूगर, काथारीना नीलसेन माहेरची आल्बर्स. तिसरा भाग १९८६ मध्ये घडतो. तिथे या दोघी शाळकरी मुली आहेत, आणि माहेरचं आडनाव लिहिलेलं नसेल तर ही कोण नवीन पोर आली असं वाटतं. एका घरात तर नवऱ्यानेच बायकोचं आडनाव घेतलेलं आहे. हे सगळं पेन्सिलीने लिहा. नाती खोडून पुन्हा लिहावी लागतात.

वंशावळ गूगलवर शोधू नका. पहिल्याच चित्रात तिसऱ्या पर्वापर्यंतची नाती छापलेली असतात. नुसतं एखाद्या पात्राचं नाव टाइप केलं तरी खालच्या सूचना रहस्य फोडतात.

आणि पहिल्या भागातलं ते पाकीट नीट बघा. आत्महत्या करणारा मिखाएल मागे चिठ्ठी ठेवतो, वर लिहिलेलं असतं की ४ नोव्हेंबर, रात्री १० वाजून १३ मिनिटांच्या आत उघडू नये. तारीख-वेळ कागदावर टिपून ठेवा. या मालिकेत उगाच म्हणून कुठलीच तारीख येत नाही.

प्रेषक: मृदुला
अनघाताई, भाषेबद्दल. प्रोफाइल इंग्रजीत असेल तर नेटफ्लिक्स बऱ्याचदा इंग्रजी डब लावतं. चालू भागातच ‘ऑडिओ’मध्ये जाऊन ‘डॉइच’ (जर्मन) निवडा. डबमध्ये ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे, आणि अर्धी भीती तिथेच जाते. बी१ असेल तर आधी मूळ आवाज आणि इंग्रजी सबटायटल्स. मग आवडलेला भाग जर्मन सबटायटल्स लावून पुन्हा. त्यात ‘सीसी’ (कमी ऐकू येणाऱ्यांसाठीची) असलेली घ्या, ती बोललेल्या शब्दांच्या जास्त जवळ असतात.

मूळ आवाजात एक गोष्ट मिळते जी इंग्रजीत मिळूच शकत नाही. ‘दू’ आणि ‘झी’, म्हणजे आपलं तू आणि तुम्ही. मालिकेतल्या रेगीना टीडेमानच्या हॉटेलात उतरलेला अनोळखी पाहुणा तिच्याशी ‘झी’ने बोलतो. कोण कुणाला कधी काय म्हणतं याकडे कान ठेवा. मराठी माणसाला ते पटकन कळतं.

लॅपटॉपच्या स्पीकरवर बघू नका. बेन फ्रॉस्टच्या संगीतातली खालची घरघर तिथे ऐकूच येत नाही, आणि अर्धे संवाद पुटपुटल्यासारखे आहेत. हेडफोन लावा.

प्रेषक: सुहास
मंडळी, भूतखेत शोधत असाल तर ते इथे नाही. मेलेले पक्षी आकाशातून पडतात, दिवे लुकलुकतात, जंगलातल्या गुहेत काहीतरी आहे, पण मांत्रिक कुठेच येत नाही. भीती हिशेबाची आहे, म्हणून ती जास्त वेळ टिकते.

सगळं ३३ वर्षांच्या अंतरावर फिरतं आणि हा आकडा हवेतला नाही. ३३ सौर वर्षांचे सुमारे १२,०५३ दिवस होतात, ३४ चांद्र वर्षांचे सुमारे १२,०४८. म्हणजे सूर्य आणि चंद्र जवळपास पुन्हा एका ठिकाणी येतात. आपण मध्ये अधिक महिना घालतो, म्हणून दिवाळी पावसाळ्यात जात नाही. हिजरी कालगणनेत अधिक महिना नाही, त्यामुळे मोहरम सगळे ऋतू फिरून साधारण ३३ वर्षांनी परत तिथेच येतो. पंचांग बघणाऱ्या घरात हे चटकन समजेल.

बर्लिनकरांसाठी: कथा घडते ते विंडेन गाव काल्पनिक आहे, पण मालिकेतलं लाकडी चर्च खरं आहे. शहराच्या नैर्ऋत्येला श्टान्सडॉर्फच्या दफनभूमीतलं ते प्रार्थनागृह. जाल तर आवाज हळू ठेवा, लोक तिथे आपल्या माणसांच्या कबरींवर फुलं घेऊन येतात.

यापुढे ‘डार्क’वर लिहिताना विषयाच्या ओळीत पर्व आणि भागाचा क्रमांक टाका, उदाहरणार्थ ‘१-५ पर्यंत’. अनघाताई अजून पहिल्या भागावर आहेत.