फायटरच्या टाकीतील पाने विरघळत आहेत आणि मासा तळाशी बसून राहतो

प्रश्न (मंगळवार पेठ, कोल्हापूर)
मुलीने फायटर मासा मागितला, पण त्याला बरणीत ठेवणे मनाला पटेना, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी सुमारे २५ लिटरची टाकी आणून धुतलेली वाळू, स्पंज फिल्टर आणि ॲन्युबियास, जावा फर्न व क्रिप्टोकोरायन ही झाडे लावली. तिसऱ्याच दिवशी मासा सोडला. दर रविवारी सगळे पाणी बदलून स्पंज नळाखाली स्वच्छ धुतो. तरीही क्रिप्टोकोरायनची पाने विरघळत आहेत, ॲन्युबियासचे खोड मऊ पडले आहे आणि मासा पर मिटून तळाशी बसतो. सकाळी पाण्याचे तापमान १९ अंश असते. माझे काय चुकते आहे, हे कृपया सांगावे.

उत्तर (राजारामपुरी)
आपली स्वच्छतेची तळमळ समजते, पण तिनेच टाकी उभी राहू दिलेली नाही. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट त्या मानाने बरेच कमी घातक असून झाडे तेही शोषून घेतात. हे जिवाणू मुख्यतः स्पंजमध्ये आणि वाळूवर वस्ती करतात व ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने आपण ती दर रविवारी मोडून काढत आहात. यापुढे स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलके पिळावा. अमोनिया तपासण्याचा संच आणून अमोनिया दिसेल तेव्हा पाव टाकी पाणी बदलावे. नवे पाणी क्लोरीन काढणारे औषध घालून आणि टाकीच्या तापमानाला आणूनच ओतावे. खाणे निम्म्यावर आणावे.

थंडीचे म्हणाल तर, हा मासा मूळचा थायलंडकडचा, तिथल्या भाताच्या खाचरांत राहणारा. ते पाणी उथळ असते, म्हणून त्याला वाटीभर पाणी पुरते असा समज पसरला. पण राधानगरीकडची खाचरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ठाऊक असेल की उथळ म्हणजे लहान नव्हे. त्याला २५ ते २७ अंश उबदार पाणी लागते. थर्मोस्टॅट असलेला २५ किंवा ५० वॅटचा हीटर बसवावा, मात्र तापमान एकदम न चढवता दिवसभरात हळूहळू वाढवावे. टाकीवर झाकण ठेवून पाण्याच्या वर थोडी जागा मोकळी सोडावी, कारण हा मासा पृष्ठभागावर येऊन हवाही घेतो.

उत्तर (शाहूपुरी)
झाडांविषयी लिहितो. ॲन्युबियास आणि जावा फर्न यांचे आडवे खोड वाळूत पुरले तर कुजते. मऊ झालेला भाग कापून उरलेला कडक तुकडा दोऱ्याने दगडाला बांधावा. क्रिप्टोकोरायन मात्र उपटू नका. जागा किंवा पाणी बदलले की ते पाने टाकते, पण मूळ शाबूत असेल तर काही आठवड्यांत नवी पाने येतात. दिवा सहा ते आठ तासच ठेवावा. शिवाय हॉर्नवर्टसारखे झपाट्याने वाढणारे झाड घालावे, ते अमोनिया थेट शोषते. ते रंकाळ्यातून उपटून आणण्याचा मोह टाळावा, कारण त्याबरोबर गोगलगायी आणि रोगही घरी येतात.

प्रश्नकर्ता, बारा दिवसांनंतर
दोघांचेही मनापासून आभार. खोड खरोखरच मी वाळूत खोल पुरले होते आणि त्यातले एक वाचले नाही. हीटर २६ अंशांवर ठेवल्यापासून मासा वर येऊन खातो आणि पर उघडे ठेवतो. अमोनिया अजून थोडा दिसतो, म्हणून दिवसाआड पाव टाकी पाणी बदलत आहे. क्रिप्टोकोरायनच्या मुळातून आज सकाळी एक तपकिरी पान वर आलेले दिसले, ते प्रथम मुलीने पाहिले.