मदत हवी आहे: पेठेतला जुना फ्लॅट, विकणारा फक्त नॉमिनी

पुण्यात नारायण पेठेत १९७९ सालच्या सोसायटीतला वन आरके मनापासून आवडलाय. लिफ्ट नाही, बाल्कनीच्या स्लॅबची सळई उघडी पडलीय, पण आमच्या बजेटमध्ये पेठेत दुसरं काही बसत नाही. अडचण कागदांची. मूळ मालक आणि त्यांच्या पत्नी हयात नाहीत, मृत्युपत्र नाही. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट (सभासदत्वाचा दाखला) नॉमिनी म्हणून मुलाच्या नावावर झालंय. एजंट म्हणतो तेवढं पुरे. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. त्याच्या दोन बहिणीही वारस आहेत; त्या सही द्यायला तयार आहेत, त्यातली एक दुबईला असते. प्रॉपर्टी कार्ड (जमिनीच्या मालकीचा सरकारी उतारा) काढलं, तर जमीन अजून जुन्या जागामालकाच्याच नावावर, म्हणजे कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर करणं) बाकी. गृहकर्ज घ्यावंच लागेल. आधी बहिणींकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र (आपला हिस्सा भावाला सोडल्याचा दस्त) करून घ्यावं, की तिघांनाही खरेदीखतात विक्रेते म्हणून घ्यावं? आणि कन्व्हेयन्स नसताना इतक्या जुन्या इमारतीला कर्ज कोणाला मिळालंय का?